अंतर्गळ : पोटाच्या भिंतींतील फट



माणसाचीं कांहीं दुखणीं बोलकीं असतात, तर कांहीं मुकीं. दांत दुखूं लागला म्हणजे सारी आळी जागी होते. पण जांघेंत गांठ आली तर ती वर्षानुवर्षें घरच्या माणसांनाहि कळत नाहीं. आज ज्या विकाराविषयीं बोलावयाचें आहे तो अंतर्गळ, ज्याला डॉक्टर लोक हर्निया म्हणतात, हा अशा मुक्या दुखण्यांपैकींच एक होय. आमच्या माहीम-केळव्याच्या पानवाड्यांत राबणारा बागाईतदार काय, सातपाटीच्या बंदरावर होडी ओढणारा कोळी काय, किंवा बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत पेट्या उचलणारा कामगार काय, जांघ फुगूं लागली म्हणजे लंगोट जरा अधिक आवळून घेतो आणि कामाला लागतो. लाज हें याचें पहिलें कारण. आणि हा विकार म्हणजे नेमकें काय, याचें अज्ञान हें दुसरें. लाज घालविणें माझ्या हातीं नाहीं. पण अज्ञान थोडेंबहुत दूर करतां आल्यास पाहावें, एवढ्यासाठीं हें भाषण.

मी वैद्य नव्हें. सारा जन्म शाळेंत गेलेला मास्तर आहें. फळ्यावर आकृति काढून विषय उलगडून दाखवावा, एवढेंच मला येतें. रेडिओवर फळा नाहीं. तेव्हां श्रोत्यांनीं आज आपल्या शरीरालाच फळा समजावें, आणि मी सांगेन तेथें बोट ठेवून पाहावें.

प्रथम एक गोष्ट मनांत पक्की धरली पाहिजे. अंतर्गळ हा आंतड्याचा रोग नव्हे. तो पोटाच्या भिंतीचा दोष आहे. आपल्या जुन्या वैद्यकांत याला अंत्रवृद्धि असें नांव आहे, आणि त्या नांवामुळें आंतडें वाढलें अशी समजूत होण्याचा संभव आहे. वस्तुतः आंतडें वाढत नाहीं. तें आपली जागा सोडून बाहेर येतें. सायकलच्या टायरला चीर पडली म्हणजे आंतील ट्यूब त्या चिरेंतून फुगा होऊन बाहेर डोकावते. त्या वेळीं ट्यूब अगदीं धडधाकट असते. बिघाड टायरचा असतो. ट्यूबवर कितीहि उपचार केले तरी टायरची चीर बुजत नाहीं. त्याचप्रमाणें कोणताहि काढा, लेप किंवा गोळी पोटाच्या भिंतींतील फट बुजवूं शकत नाहीं. भिंतीचा दोष भिंतीवरच दुरुस्त करावा लागतो, आणि म्हणून ही दुरुस्ती करणाऱ्याला भिंतीची रचना थराथरानें ठाऊक असावी लागते.

ती रचना आतां पाहूं. कमरेवर हात ठेवला असतां पुढच्या बाजूला हाडाचें एक टोंक हाताला लागतें. तेथें एक बोट ठेवा. आतां ओटीपोटाच्या अगदीं तळाशीं, मध्यभागीं, जें आडवें हाड लागतें तें जघनास्थि. त्याच्या कडेला मध्यापासून सुमारें एक इंचावर बारीकसा उंचवटा आहे. तेथें दुसरें बोट ठेवा. या दोन बोटांमध्यें एक दोरी ताणून बांधली आहे अशी कल्पना करा. ही दोरी म्हणजे वंक्षण-बंध. वंक्षण हा जांघेचा संस्कृत शब्द. हा बंध पोट व मांडी यांच्यामधील शीव आहे. त्याच्या वर पोट, खालीं मांडी. खरें पाहतां ही वेगळी दोरी नव्हेच. पोटाच्या सर्वांत बाहेरच्या स्नायूचा खालचा काठ आंत दुमडला गेला आहे. लुगड्याच्या दुमडून शिवलेल्या काठाप्रमाणें तो जाड व बळकट झाला आहे, इतकेंच.

पोटाच्या बाजूची भिंत तीन स्नायूंची आहे. बाहेरचा तिरकस, त्याच्या आंत दुसरा तिरकस, आणि सर्वांत आंत आडवा. पहिल्याचे तंतु खिशांत हात घालतांना बोटें जशी उतरतात तसे खालीं व पुढें उतरतात. दुसऱ्याचे बव्हंशीं त्याच्या उलट चढतात. तिसऱ्याचे आडवे जातात. प्लायवूडच्या फळींत लांकडाचे थर उलटसुलट चिकटवून जी बळकटी आणतात, तीच युक्ति येथें आहे. आडव्या स्नायूच्या आंतून एक चिवट पडदा, त्याच्या आंत थोडी चरबी आणि सर्वांत शेवटीं आंतड्यांना वेढणारें तुळतुळीत उदरावरण.

परंतु ही तिहेरी भिंत जांघेपर्यंत तिहेरी राहत नाहीं. बाहेरचा स्नायु येथें मांसल नसतो. त्याचा पांढरा, चपटा कंडरापट तेवढा उरतो. आंतले दोन स्नायु वंक्षण-बंधाला सर्वत्र चिकटत नाहींत; ते कमानीसारखे वरून वळून जघनास्थीकडे जातात. कमानीचा खालचा काठ व वंक्षण-बंध यांच्यामध्यें जी मोकळी जागा राहते, तेथें आंतल्या बाजूनें केवळ तो पातळ पडदा काय तो उभा असतो. घराच्या तीन बाजू दगडी आणि एका कोपऱ्याला नुसता कूड, अशी ही अवस्था आहे. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्यांत पोटाचा भार या कोपऱ्यावर येत नाहीं. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि आंतड्यांचा सारा भार या कुडावर येऊं लागला.

निसर्गानें हा कोपरा दुबळा कां ठेवला? कारण येथून एक वाट काढणें त्याला भाग होतें. गर्भावस्थेंत मुलाचीं वृषणें पोटांत, मूत्रपिंडांच्या जवळ तयार होतात. पुढें तीं हळूहळू खालीं उतरतात, सुमारें सातव्या महिन्यांत जांघेंतील वाटेनें बाहेर पडतात आणि जन्माच्या सुमारास आपल्या पिशवींत येऊन राहतात. त्यांच्या आधीं उदरावरणाचा एक लांबट फुगा त्याच वाटेनें पुढें गेलेला असतो. वृषण आपल्या जागीं आलें म्हणजे हा फुगा मिटून नाहींसा व्हावयाचा असतो. कित्येकांत तो मिटत नाहीं. वाट उघडी राहिली म्हणजे तींत कधीं पाणी सांचतें, तर कधीं आंतडें उतरतें. उजवें वृषण मागाहून उतरतें, म्हणून अंतर्गळहि उजव्या बाजूला अधिक आढळतो. अपुऱ्या दिवसांच्या मुलांत ही वाट उघडी राहण्याचा संभव जास्त असतो. मोठ्या माणसाच्या जांघेंत एखादें पोतें उचलतांना जी गांठ दिसूं लागते, तिचें बीज पुष्कळदां असें जन्मापूर्वींच पेरलेलें असतें. पोत्याचें ओझें हें केवळ निमित्त. जुनाट खोकला, मलावरोध, लघवीला लागणारा जोर, वार्धक्यांत शिथिल झालेले तंतु, हींहि तशींच निमित्तें होत.

या वाटेला शारीरशास्त्रांत वंक्षण-नलिका म्हणतात. ती सुमारें ४ सेंटिमीटर लांब आहे आणि तिची खुबी तिच्या तिरकसपणांत आहे. तिचें आंतलें दार वंक्षण-बंधाच्या मध्याच्या किंचित् वर आहे. बाहेरचें दार जघनास्थीच्या उंचवट्याशीं आहे. दोन्ही दारें समोरासमोर नसल्यामुळें पोटांत दाब वाढला म्हणजे नलिकेची मागची भिंत पुढच्या भिंतीवर दाबली जाते आणि वाट आपोआप मिटते. शिवाय आपण खोकलों किंवा कुंथलों कीं, वर सांगितलेल्या स्नायूंची कमान आकुंचन पावून खालीं वंक्षण-बंधाकडे सरकते. दुकानाची सरकती फळी खालीं ओढावी तसें हें होतें. निरोगी माणूस दिवसांतून शेंकडों वेळां खोकतो, हंसतो, ओझें उचलतो, तरी त्याचें आंतडें बाहेर येत नाहीं, तें या दुहेरी बंदोबस्तामुळें. पुरुषांत या नलिकेंतून वृषणरज्जु जातो. त्यांत शुक्रवाहिनी व वृषणाच्या रक्तवाहिन्या असतात. स्त्रियांत त्या जागीं गर्भाशयाचा एक बारीक बंध जातो. म्हणून त्यांची नलिका अरुंद असते. इंग्लंडांतील एका पाहणींत जन्मभरांत जांघेच्या अंतर्गळाची शस्त्रक्रिया करावी लागण्याचा संभव शंभर पुरुषांपैकीं सुमारें २७ जणांना व शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ३ जणींना असल्याचें दिसलें, त्याचें मूळ कारण शरीररचनेंतील हा फरक होय.

आतां या भागांतील तीन वाटा नीट ओळखल्या पाहिजेत. पोटाच्या भिंतीच्या आंतून, नलिकेच्या आंतल्या दाराच्या अगदीं कडेनें, एक रक्तवाहिनी वर चढत जाते. शस्त्रवैद्याच्या दृष्टीनें ती शेताच्या बांधावरील खुणेच्या दगडासारखी आहे. या रक्तवाहिनीच्या बाहेरच्या बाजूनें, म्हणजे आंतल्या दारांतून, जो अंतर्गळ येतो तो तिरपा. तो नलिकेची सारी लांबी चालून पुढें वृषणाच्या पिशवींतहि उतरूं शकतो. तिच्या आंतल्या, म्हणजे पोटाच्या मध्याकडील बाजूनें, पातळ पडदाच पुढें ढकलून जो येतो तो सरळ. हा बहुधा उतारवयांत होतो आणि पिशवींत क्वचितच उतरतो. ही रक्तवाहिनी, पोटाच्या उभ्या स्नायूचा काठ आणि वंक्षण-बंध यांच्यामधील जो त्रिकोण, त्याला जर्मन शारीरवेत्ता हेसेलबाख याचें नांव आहे. तिसरी वाट वंक्षण-बंधाच्या खालीं, मांडीच्या मोठ्या नीलेच्या शेजारीं आहे. ती फार चिंचोळी, आणि तिच्या कडा टणक. या वाटेनें येणारा अंतर्गळ पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक होतो. गांठ लहान असते. पुष्कळदां ती जांघेंतील साधें अवधाण समजून दुर्लक्षिली जाते. आणि अडकून आंतड्याला फांस बसण्याचें भय हिच्यांतच सर्वांत अधिक. म्हणून स्त्रीच्या जांघेंतील गांठीची कधींहि हयगय करूं नये.

फांस बसणें म्हणजे काय? बाहेर आलेलें आंतडें आडवें झालें असतां परत आंत जातें, तोंवर चिंता थोडी. पण एखाद्या वेळीं तें फटीच्या मानेंत आवळलें जातें. प्रथम नीलांतून रक्त परतेनासें होतें, आंतडें सुजतें. सुजल्यामुळें अधिकच आवळलें जातें. शेवटीं शुद्ध रक्तहि पोंचेनासें होऊन कांहीं तासांत आंतडें मरूं लागतें. गांठ टणक होणें, ती आंत न जाणें, सतत दुखणें, उलट्या होणें, वारा व शौच बंद होणें, हीं त्याचीं लक्षणें होत. अशा वेळीं गांठ चोळून, दाबून आंत घालण्याचा खटाटोप करूं नये, शेकूं नये, सकाळची वाट पाहूं नये; मिळेल त्या वाहनानें रुग्णालय गांठावें.

ही फट बुजविण्याचा विचार फार प्राचीन आहे. सुश्रुताच्या ग्रंथांत वृद्धीचे सात प्रकार सांगितले असून त्यांत अंत्रवृद्धि हा एक आहे. ती जांघेपाशीं आहे तोंवर अर्धचंद्राकार टोंकाच्या शलाकेनें तेथें डाग द्यावा, म्हणजे मार्ग बंद होईल. पिशवींत उतरल्यावर मात्र तिच्या वाटेस जाऊं नये, असा त्याचा अभिप्राय आहे. यांत लक्ष देण्यासारखें आहे तें त्याचें निदान. डाग देण्याचा हेतु मार्ग अडविणें हा होता. म्हणजे दोष वाटेचा आहे, हें त्यानें ओळखलें होतें. परंतु डागामुळें झालेला व्रण वरवरचा. खालची मोकळी जागा होती तशीच राहावयाची.

नवीन युगाचा आरंभ इटलींतील पादुआ येथें झाला. एदोआर्दो बास्सिनी हा तेथील शस्त्रवैद्य. तरुणपणीं, १८६७ सालीं, गॅरिबाल्डीच्या पक्षाकडून लढत असतां संगिनीचा वार त्याच्या जांघेंतच लागला होता आणि त्या जखमेनें त्याला बराच काळ अंथरुणावर खिळवून ठेविलें होतें. १८८४ सालीं त्यानें आपली नवी शस्त्रक्रिया सुरू केली व १८८९ सालीं तिच्यावर ग्रंथ लिहिला. त्याच्या पूर्वींचे शस्त्रवैद्य आंतड्याची पिशवी बांधून बाहेरचें दार शिवीत. आंतली भिंत तशीच दुबळी राही, आणि अंतर्गळ पुन्हा उद्भवे. बास्सिनीनें पुढची भिंत उघडली, वृषणरज्जु बाजूला उचलून धरला, मागचा पातळ पडदा कापून मोकळा केला, आणि आंतला तिरकस स्नायु, आडवा स्नायु व तो पडदा असे तीन थर एकत्र घेऊन वंक्षण-बंधाला शिवले. नलिकेचा तिरकसपणा कायम ठेवून तिची मागची भिंत नवी बांधली. पुढें कित्येकांनीं त्याची शस्त्रक्रिया उचलली, पण पडदा उघडण्याची पायरी गाळली आणि वरवर दिसणारा स्नायु तेवढा बंधाला शिवला. नांव बास्सिनीचें राहिलें, गुण गेला. कॅनडांतील शूल्डाइस यांच्या रुग्णालयानें १९४५ पासून ती पायरी पुन्हा प्रस्थापित केली, पडदा दुहेरी दुमडून थरावर थर शिवला, आणि पुनरुद्भवाचें प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास आणून ठेविलें. एक थर ओळखण्यांत चूक झाली तर केवढा फरक पडतो, याचा हा धडा आहे.

तरीहि एक अडचण उरली होती. कमान व बंध यांच्यामधील अंतर स्वाभाविक आहे; तें शिवून जवळ आणलें कीं टाक्यांवर ताण येतो. अपुरें कापड ओढून शिवलें तर तें टाक्याशींच फाटतें, हें कोणताहि शिंपी सांगेल. मग ओढण्याऐवजीं ठिगळ कां लावूं नये? १९५८ सालीं अमेरिकेंतील फ्रान्सिस अशर यांनीं प्लास्टिकच्या धाग्याची जाळी वापरल्याचें प्रसिद्ध केलें; आणि लॉस एंजेलिसच्या लिक्टनस्टाइन यांनीं १९८४ पासून सर्वच जांघेच्या अंतर्गळांना ती लावून, १९८९ सालीं १,००० रुग्णांचा अनुभव जगापुढें मांडला. सुमारें ७ सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर लांब जाळी वृषणरज्जूच्या मागें पसरावयाची, रज्जूसाठीं तीत एक चीर ठेवावयाची, खालची कड वंक्षण-बंधाला शिवावयाची आणि जघनास्थीच्या उंचवट्यापलीकडे ती दीड-दोन सेंटिमीटर जाऊं द्यावयाची. हा शेवटचा तपशील क्षुल्लक वाटेल. पण अंतर्गळ परत येतो तो बहुधा याच कोपऱ्यांतून. आमच्या पानवाडींत वेल आधाराला धरून चढतो, तसे शरीराचे तंतु जाळीच्या छिद्रांतून वाढतात, आणि जाळी व शरीर मिळून एक भिंत होते.

आतां मी आपल्या महाराष्ट्राकडे येतों. कारण या जाळीच्या प्रश्नाला दोन निराळीं उत्तरें येथील दोन शस्त्रवैद्यांनीं दिलीं आहेत. एकानें म्हटलें, बाहेरची जाळी कशाला, शरीराचेंच कापड घ्या. दुसऱ्यानें म्हटलें, जाळीच हवी ना, मग ती गरिबाला परवडेल अशी घ्या.

पहिले पुण्याचे डॉ. मोहन देसरडा. नलिकेच्या पुढच्या भिंतींत बाहेरच्या स्नायूचा कंडरापट असतो, हें आपण पाहिलेंच. देसरडांनीं त्या पटाची सुमारें दोन सेंटिमीटरपर्यंत रुंद अशी पट्टी घेतली. तिची खालची कड वंक्षण-बंधाला शिवली, वरची कड आंतल्या स्नायूच्या कमानीला शिवली. पण दोन्ही टोकें कापलीं नाहींत. पट्टी आपल्या मूळ स्नायूला जोडलेलीच राहिली आणि वृषणरज्जूच्या मागें नवी भिंत होऊन उभी राहिली. माणूस खोकला कीं तो स्नायु आंखडतो आणि पट्टी ताठ होते. म्हणजे ठिगळ तर लागलें, पण तें निर्जीव नाहीं. ४०० रुग्णांवरील आपला अनुभव त्यांनीं २००१ सालीं युरोपांतील एका शस्त्रक्रियाविषयक नियतकालिकांत मांडला. पुढें पोलंडांत २०८ पुरुषांवर या पद्धतीची व लिक्टनस्टाइनच्या जाळीची तुलना झाली. २०१२ सालीं तिचे निष्कर्ष निघाले, आणि तीन वर्षांअखेर अंतर्गळ परत येण्याचें प्रमाण दोन्हींकडे सारखेंच ठरलें. मात्र २०१८ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेनें मोठ्या माणसांसाठीं सर्वसाधारणपणें जाळीचीच शिफारस केली असून, जाळीविना करावयाच्या पद्धतींत शूल्डाइसची अग्रगण्य मानली आहे, हेंहि सांगितलें पाहिजे.

दुसरे धुळें जिल्ह्यांतील दोंडाईचा या गांवचे डॉ. रवींद्रनाथ टोणगांवकर. खेड्यापाड्यांत शस्त्रक्रिया करणाऱ्या या वैद्यापुढें प्रश्न सरळ होता. जाळी बसविलेली भिंत उत्तम टिकते. पण विकतच्या जाळीची किंमत मजुराच्या कित्येक दिवसांच्या रोजमुऱ्याला भारी. त्यांनीं जाळीचा धागा काय असतो, तें पाहिलें. विकतची जाळी पॉलिप्रॉपिलीनची. आणि बाजारांत मिळणाऱ्या एका जातीच्या मच्छरदाणीचें कापड पॉलिप्रॉपिलीन व पॉलिएथिलीन यांच्या मिश्रणाचें. तेंच कापड धुऊन, कापून, जंतुरहित करून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं निरनिराळ्या रुग्णालयांत वापरलें, आणि साडेतीनशेंहून अधिक अंतर्गळांचा वृत्तांत २००३ सालीं इंडियन जर्नल ऑफ सर्जरी या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. जाळीची किंमत हजारों पटींनीं उतरली. मच्छरदाणीच्या कापडाचा माणसाच्या पोटांत उपयोग, हें ऐकून हंसणारे हंसले असतील. परंतु पूर्व आफ्रिकेंतील युगांडा देशांत ३०२ पुरुषांवर याची काटेकोर परीक्षा झाली आणि २०१६ सालीं न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या मान्यवर पत्रांत तिचा निकाल आला. एक डॉलरच्या आसपास पडणारें मच्छरदाणीचें कापड आणि सुमारें सव्वाशें डॉलरांची विकतची जाळी यांच्यांत वर्षअखेरीस म्हणण्यासारखा फरक दिसला नाहीं. अर्थात् घरची कोणतीहि मच्छरदाणी चालेल, असा याचा अर्थ नव्हे. धागा कोणता, तो उष्णतेला टिकतो कीं वितळतो, त्यावर औषधाचें पूट आहे कीं काय, हें सर्व पाहावें लागतें. आणि तें काम शस्त्रवैद्याचें. कोळ्याला जाळ्याचें जें मर्म ठाऊक असतें, तेंच येथेंहि आहे. डोळा लहान असावा कीं मोठा, धागा जाड असावा कीं बारीक, यावर सारें अवलंबून.

शस्त्रक्रिया सोपी दिसते म्हणून ती कोणीहि करावी असें मात्र नाहीं. नलिकेच्या आसपास तीन बारीक मज्जातंतु आहेत. त्यांपैकीं एखादा टाक्यांत सांपडला तर अंतर्गळ बरा होऊनहि जांघ महिनोन् महिने जळत राहते. वंक्षण-बंधाच्या खालींच मांडीची मोठी नीला व धमनी आहे. टाका खोल गेला तर ती विंधली जाण्याचें भय. मांडींतील अंतर्गळाची टणक कड सोडवितांना तर आणखी एक धोका. कित्येक माणसांत जघनास्थीच्या मागून एक आडवी रक्तवाहिनी जाते. ती कापली गेली तर रक्तस्राव आवरणें कठीण, म्हणून जुन्या शारीरवेत्त्यांनीं तिला लॅटिन भाषेंत मृत्यूचा मुकुट असें नांव देऊन ठेविलें आहे. १९९० नंतर दुर्बिणीच्या साहाय्यानें आंतल्या बाजूनें जाळी बसविण्याची पद्धति रूढ झाली. तींत वर सांगितलेल्या तीनहि वाटा एकाच जाळीनें झांकल्या जातात. पण भिंत आंतून पाहिली म्हणजे नकाशाच उलटा होतो. आणि शुक्रवाहिनी व वृषणाच्या रक्तवाहिन्या यांच्यामधील ज्या त्रिकोणांत मांडीकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या लपलेल्या असतात, तेथें टांचणी मारूं नये, हें शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशीं बजावून ठेवितात.

भिंतीचा दोष ही एकच गोष्ट नीट समजली म्हणजे कोणाला कोणता उपाय, हेंहि आपोआप कळतें. लहान मुलाची भिंत मजबूत असते. न मिटलेली पिशवी तेवढी उघडी असते. म्हणून त्याची पिशवी मुळाशीं बांधून टाकली कीं काम झालें. त्याला जाळी लागत नाहीं. तान्ह्या मुलांत फांस लौकर बसतो, म्हणून तेथें दिरंगाई नको. मोठ्या माणसाची भिंतच झिजलेली असते. तेथें पिशवी बांधून भागत नाहीं, भिंत बांधावी लागते. कमरेचा पट्टा गांठ दाबून धरतो, पण फट आहे तशीच राहते. तो उपाय नव्हे. गांठ लहान असून कांहीं त्रास नसेल तर डॉक्टरच्या सल्ल्यानें थांबतां येतें काय? येतें. अमेरिकेंत अशा ७२० पुरुषांवर प्रयोग होऊन २००६ सालीं जें आढळलें त्यावरून, थांबलेल्यांत अकस्मात् अडकण्याचा प्रसंग क्वचितच आला. पण त्यांतील सुमारें चौथा हिस्सा दोन वर्षांतच दुखण्यामुळें शस्त्रक्रियेकडे वळला, आणि पुढील पाहणींत दहा वर्षांत सुमारें दोन-तृतीयांश वळले. म्हणजे थांबणें हें टाळणें नव्हे. शिवाय हें थांबणें डॉक्टरच्या नजरेखालचें. लंगोट आवळून गप्प बसणें याला थांबणें म्हणत नाहींत. स्त्रियांना तर थांबण्याचा सल्ला सहसा देतच नाहींत. त्याचें कारण मांडींतील त्या चिंचोळ्या वाटेचें.

जगांत दरसाल सुमारें २ कोटि लोक जांघेच्या अंतर्गळाची शस्त्रक्रिया करून घेतात. पुष्कळांची ती तेवढा भाग बधिर करूनहि होते, आणि पुष्कळ रुग्ण त्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं चालत घरीं जातात. इतकी ही सामान्य गोष्ट आहे. तेव्हां ज्यांच्या जांघेंत गांठ आहे, त्यांनीं जवळच्या रुग्णालयांत जाऊन डॉक्टरांना ती उभें राहून व आडवें होऊन दाखवावी, खोकून दाखवावी, आणि विचारावें कीं वाट कोणती, थांबतां येईल काय, जाळी लावणार कीं नाहीं, आणि कामावर केव्हां जातां येईल. घरांतील स्त्रियांनीं आपल्या सासूला किंवा आजीला जांघेंत गांठ आहे काय, हें एकदां विचारून घ्यावें. कारण ती आपण होऊन सांगणार नाहीं. आणि गांठ टणक होऊन उलट्या सुरू झाल्या तर रात्र असो, पाऊस असो, निघावें.